मनोरमेचं उटणं आणि मुडद्यांचा खेळ

"मेलेल्या माणसाला काय घाबरायचंय? तो काही बदलीची ऑर्डर काढत नाही!"

मनोरमेनं हे वाक्य मराठी मंडळाच्या भर बैठकीत टाकलं. बदलीच्या ऑर्डरीला मात्र तिथले झाडून सगळे घाबरत होते. तीन वर्षांपूर्वी राज्यांची नवी मांडणी झाली, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग फायली, टाइपरायटर, कारकून, कारकुनांच्या बायका आणि लोणच्याच्या बरण्या अशी सगळी वरात मालगाडीतून इथं येऊन पडली. सरकारी क्वार्टरांची एक अख्खी रांग मराठी झाली. रांग झाली म्हणजे मंडळ आलं, मंडळ आलं म्हणजे अध्यक्ष आले आणि अध्यक्ष आले म्हणजे भांडणं आलीच.

अध्यक्ष होते नरहरराव. सचिवालयात हेडक्लार्क. मनोरमेचा नवरा अच्युत त्यांच्याच हाताखाली, त्यामुळे नरहररावांना वाटे की अच्युतची बायकोही आपल्याच हाताखाली आहे. मनोरमेला तसं वाटत नसे.

वादाचं कारण होतं मंडळाचा दिवाळीचा खेळ. दर वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी जुन्या शहरातली टॉकीज मंडळासाठी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून एक चित्रपट बघायचा, अशी पद्धत. नरहरराव दर वर्षी तोच संतपट मागवत. त्याची फीत इतकी झिजली होती की तिसऱ्या रिळात संत कुठले आणि पाऊस कुठला, ते कळत नसे. आणि यंदा त्याच टॉकीजमध्ये आला होता विलायती बोलपट, पोस्टरवर हिंदीत नाव 'मुर्दों की हाज़िरी'! विलायतेत याच दिवसांत भुतांची रात्र असते, हॅलोवीन का काय म्हणतात ती, तिच्या निमित्तानं टॉकीजच्या मॅनेजरनं तो मुद्दाम मागवला होता. त्या वर्षी योग असा की त्यांची भुतं आणि आपली नरकचतुर्दशी एकाच आठवड्यात आली.

"यंदा तो दाखवा," मनोरमा म्हणाली.

"मुडद्यांचा सिनेमा? दिवाळीत?" नरहररावांचा चष्मा नाकावर घसरला.

"का? मी असले तीन पाहिलेत नागपुरात. एकात बिगूल वाजला की अख्खी मेलेली पलटण कवायतीला उभी राहते. काय शिस्त! तुमच्या सेक्शनमध्ये आहे का तशी? दुसऱ्यात मेलेला जमीनदार रोज जेवायला येऊन बसतो आणि आमटी आवडली नाही की परत जातो. तिसरा जरा रडका होता. पण एकही मुडदा कुणाला टाकून बोलत नाही, कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. म्हणजे तो जमीनदार सोडला तर!"

बायका फिदीफिदी हसल्या. नरहरराव हसले नाहीत.

"मनोरमावहिनी, हे असले खेळ बघून माणसं घाबरतात. बायका-पोरं झोपेत किंचाळायला लागतील!"

आणि इथं मनोरमेनं ते केलं, जे तिनं करायला नको होतं. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "लावा पैज! मी उद्याच बघून येते. ज्याला बघायचाय त्यानं बघावा. भाऊबिजेपर्यंत आपल्या रांगेतलं एक जरी माणूस त्या सिनेमापायी घाबरलं, तर मी उभ्या जन्मात टॉकीजमध्ये पाऊल ठेवणार नाही. आणि कुणीही नाही घाबरलं, तर मंडळाचा खेळ तोच!"

"कबूल!" नरहरराव म्हणाले.

अच्युत सतरंजीवर बसल्या जागी अर्धा झाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सिनेमात? मनोरमेच्या बहिणी, मैत्रिणी, भाजीवाली, सगळं नागपुरात राहिलं होतं. भोपाळात तिच्या वाट्याला दोन खोल्या, नवरा आणि सासूबाई आल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात तिच्या नावाचा पुकारा चाललेला असे. टॉकीजच्या अंधारात मात्र तीन तास कुणी तिला हाक मारत नसे. ते तीन तास तिचे स्वतःचे होते, आणि ते तिनं एका वाक्यात पणाला लावले होते. घरी आल्यावर तिच्या ते लक्षात आलं. पण तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"अगं, ते माझे साहेब आहेत!" अच्युत म्हणाला.

"ऑफिसात. मंडळात नाहीत."

"सणासुदीचं मढी बघायला जाते म्हणे!" सासूबाई, म्हणजे लीलावतीबाई, देवघरातून गरजल्या. "आमच्या घराण्यात कुणी असलं बघितलं नाही हो!"

"तुमच्या घराण्यात सिनेमाच नव्हता, आई," मनोरमा म्हणाली आणि कणिक मळायला लागली.

धनत्रयोदशीला दुपारच्या खेळाला ती अच्युतला ओढून घेऊन गेली. टांगेवाल्यानं विचारलं, "को खां, कां जा रिये हो?" अच्युत म्हणाला, "मरने," आणि टांगेवाल्याला वाटलं, साहेब शायर आहेत.

चित्रपट मनोरमेला इतका आवडला की आजवरचा पलटणीच्या सिनेमाचा पहिला नंबर तिथल्या तिथं गेला. गावातली घंटा वाजते, मेलेली माणसं उठतात आणि हात पुढे करून आपापल्या जुन्या कामावर निघतात. चेहरे राखेसारखे, बोलणं नाही, नुसतं 'अंऽऽ'. कुणाच्या गोळीनं मरत नाहीत. शेवटी एक म्हातारी स्वयंपाकीण त्यांच्या सूपमध्ये मूठभर मीठ टाकते. मीठ जिभेला लागताच त्यांना आपण मेल्याचं आठवतं आणि ती निमूट परत जातात. बाईच्या हातच्या मिठानं जग वाचतं, हे मनोरमेच्या मनाला फारच पटलं. अच्युतनं अर्धा सिनेमा डोळे मिटून काढला, पण घाबरला नाही, अशी कबुली तिनं त्याच्याकडून टांग्यातच घेतली. घरी मात्र शेवट कसा होतो ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगितला असता तर लोकांनी मंडळाच्या खेळात काय बघायचं?

पैज निम्मी जिंकली, या आनंदात तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं. "यंदा उटणं माझ्याकडून! अख्ख्या रांगेला!"

उटण्याला लागणारं सगळं सामान भोपाळच्या बाजारात त्या वर्षी तिला मिळेना. कचोरा म्हटलं तर दुकानदार कचोरी दाखवी. मग तिनं डोकं लढवलं. मुलतानी माती घेतली, चांगली सढळ हातानं घेतली. भिजवायला दूध घेतलं. आणि उटणं अंगाला नीट बसावं, पावडरीसारखं गळून पडू नये, म्हणून लाडवांसाठी आणलेला डिंक कुटून त्यात घातला. वाट्या भरून घरोघरी दिल्या. "असं उटणं पुण्यातसुद्धा मिळायचं नाही," असंही सांगितलं. ते खरंच होतं.

नरकचतुर्दशीची पहाट उजाडायला आली. दिवाळीनिमित्त पहाटे जादा पाणी सोडू, असं पाणीवाल्यांनी सांगितलं होतं, म्हणून आदल्या दिवशी कुणी भरून ठेवलं नव्हतं. घरोघरी पुरुष पाटावर बसले. तेल लागलं, उटणं लागलं. डिंक आपलं काम करू लागला. अच्युतनं न्हाणीघरात जाऊन नळ फिरवला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.

"अंऽऽ," अच्युत बाहेर येऊन म्हणाला.

"काय?"

"अंऽऽ!" त्याचे ओठ उघडेनात. चेहरा करडा पडला होता आणि गालांवर भेगा पडायला लागल्या होत्या. हात अंगाला टेकवले की चिकटत, म्हणून त्यानं ते दोन्ही पुढे धरले होते.

"अगं बाई, चांगलंच बसलं की!" मनोरमा म्हणाली. मग तिला पुढचं सुचलं. "नरहररावांच्या अंगणात हौद आहे! तिकडे जा, पळा!"

पळणं शक्य नव्हतं, गुडघे वाकत नव्हते. अच्युत ताठ पायांनी बाहेर पडला. शेजारच्या दारातून तसाच दत्तू टायपिस्ट बाहेर पडला. त्याच्या पलीकडून आणखी एक. अख्ख्या रांगेत हौद एकच, त्यामुळे सगळ्यांना एकच सुचलं होतं. बघता बघता सातआठ पुरुष, कमरेला पंचे, तोंडं करडी, हात पुढे, 'अंऽऽ, अंऽऽ' करत अर्धवट उजेडात रांगेच्या टोकाकडे निघाले. मनोरमा दारात निरांजन घेऊन उभी होती. क्षणभर तिला वाटलं, हे आपण कुठंतरी पाहिलंय. आणि मग तिला आठवलं, कुठं पाहिलंय ते!

समोरून दूधवाला सायकलवरून येत होता. त्यानं ती मिरवणूक पाहिली, सायकल सोडली, एक कॅन सोडला आणि मनोरमेच्या ओट्यावर चढला.

"ओ बाई! जे तुम लोगों के यां दिवाली पे मुर्दे निकलते हैं क्या?"

"मुर्दे नहीं हैं! कारकून हैं!" मनोरमा ओरडली आणि निरांजन त्याच्या हातात देऊन धावत सुटली.

नरहरराव त्या वेळी आपल्या दारात उभे होते. त्यांनी उटणं लावलं नव्हतं. विरोधकाचं उटणं लावायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' म्हणायचं आणि मग साध्या साबणानं आंघोळ करायची, असा त्यांचा बेत होता. कारीट फुटलं. "गोविंदा," ते म्हणाले. दुसऱ्या गोविंदाला त्यांनी मान वर केली.

पुढची किंकाळी रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली.

"आले! आले!" नरहरराव आत पळाले आणि मिठाची बरणी घेऊन बाहेर आले. "सुमित्रा, दार लाव! मीठ! मीठ टाका यांच्यावर! मीठ तोंडात गेलं की परत जातात ही!" आणि त्यांनी मूठ मूठ मीठ भिरकवायला सुरुवात केली.

भेगाळलेल्या उटण्यातून आणि उघड्या डोळ्यांत मीठ गेलं तर माणसाचं काय होतं, हे तुम्हीच ताडून पाहा. आतापर्यंत सावकाश चाललेली मंडळी एकदम बेफाम होऊन धावली. डोळे मिटलेले, हात पुढे, तोंडानं भेसूर 'अंऽऽ'! नरहररावांनी बरणी टाकली, मागे सरले, हौदाच्या कठड्याला अडखळले आणि धोतरासकट पाण्यात पडले. त्यांच्यावर दत्तू पडला. दत्तूवर अच्युत पडला. मग उरलेले पडले. हौदातून वाचा फुटल्याचे आवाज यायला लागले आणि ते सगळे शुद्ध मराठीत, पण सणाच्या दिवशी लिहू नयेत असे होते.

मनोरमा फाटकात उभी होती. तिनं ते मिठाचं वाक्य स्वच्छ ऐकलं होतं. सिनेमाचा शेवट! जो तिनं कुणालाही सांगितला नव्हता! म्हणजे हा गृहस्थ गुपचूप जाऊन सिनेमा बघून आला होता. वर घाबरलाही होता. पण आनंद गळ्यापर्यंत येतो न येतो तोच तिला दुसरी गोष्ट कळली. रांगेतलं माणूस सिनेमापायी घाबरलं होतं. म्हणजे ती पैज हरली होती. आणि घाबरवणारं उटणं तिनंच तिच्या हातानं कालवलं होतं.

फराळ नरहररावांच्याच अंगणात होता. सगळे जमले. पुरुषांचे डोळे लालबुंद, अंगावर ठिकठिकाणी उटण्याचे पोपडे. कुणी मनोरमेकडे धड बघत नव्हतं. नरहरराव कोरडं धोतर नेसून उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी, पैजेचा निकाल लागला आहे. आज पहाटे आपल्या रांगेतलं माणूस घाबरलं. मनोरमावहिनी हरल्या!"

"कोण घाबरलं?" मनोरमेनं विचारलं.

"तो... दूधवाला!"

"तो रांगेत राहत नाही. आणि त्यानं सिनेमा पाहिलेला नाही."

"मग... ते आपलं..." नरहररावांचा हात हवेत फिरला आणि त्यांना तो ठेवायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी तो चिवड्यात घातला.

"अहो, मग तुम्ही मीठ कशाला उधळत होतात?" त्यांच्या सुमित्राबाईंनी भाबडेपणानं विचारलं.

"दृष्ट काढत होतो! सगळ्या रांगेची! तीन वर्षं झाली इथं येऊन, कुणी काढली नाही, म्हटलं आपणच काढावी!"

"मोहऱ्या न घेता?" एक बाई म्हणाली.

"आणि मीठ तोंडात गेलं की परत जातात, ते कोण?" मनोरमेनं विचारलं. "कुठं वाचलंत हे?"

"पुराणात आहे."

"कुठल्या?"

अंगणातली सगळी माणसं अचानक आपापल्या चकलीकडे निरखून बघायला लागली. अच्युतनं बायकोचा पदर ओढला. "अगं, राहू दे. साहेब आहेत."

राहू देण्यासारखं काही नव्हतं. मनोरमा पुढे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"नरहरराव, मी शब्दाला जागणारी बाई आहे. तुम्ही या सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, 'मी तो सिनेमा बघितला आणि मी घाबरलो.' तुम्ही म्हणालात की मी हरले. आत्ता, इथं. परत टॉकीजचं नाव काढणार नाही. म्हणा!"

नरहररावांचं तोंड उघडलं. जिंकायला फक्त तेवढं एक वाक्य हवं होतं. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सेक्शनमधल्या कारकुनांकडे पाहिलं. दिवाळीची सुट्टी संपली की या कारकुनांना 'उशीर का झाला' म्हणून विचारायचं होतं. तोंड मिटलं, परत उघडलं.

"मी? छे! मी कशाला घाबरतो?" ते म्हणाले.

"मग कुणीच घाबरलं नाही!" मनोरमा म्हणाली. "रविवारी खेळ माझा!"

भाऊबिजेपर्यंत कुणी कसली तक्रार केली नाही. रविवार उजाडला. मनोरमा जिंकली होती आणि हे ती सगळ्यांना दाखवणार होती. तिनं लग्नातली पैठणी काढली. रांगेतली घरंच्या घरं तिच्या देखत टांग्यांत बसून गेली. जे जे नाकं मुरडत होते, ते सगळे नटून निघाले होते. पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे! लीलावतीबाईसुद्धा म्हणाल्या, "सगळेच जातायत, तर मीही येते बाई. डोळे मिटून जप करत बसेन." टॉकीजच्या दाराशी पोचल्यावर त्यांना आठवलं की चष्मा घरी राहिला. अच्युत त्यांना घेऊन आत गेला आणि मनोरमा त्याच टांग्यानं चष्मा आणायला परत फिरली. जिंकलेल्या माणसाला एवढं उदार व्हायला काय हरकत आहे?

ती चष्मा घेऊन परत आली, तेव्हा टॉकीजचं दार बंद झालं होतं आणि दारावर पाटी लागली होती.

"बाई, हाउसफुल," दरवान म्हणाला. "खड़े रैने की भी जगा नईं."

"अरे, हा खेळ माझा आहे! माझ्यामुळे आलेत सगळे!"

"हर कोई यई बोल के अंदर गया है, बाई. वो चश्मे वाले साब भी."

"दार उघड! नाहीतर मी इथं उभी राहून शेवट ओरडून सांगेन! सगळ्यांची मजा घालवीन!"

दरवानानं विडी विझवली आणि तिच्याकडे जरा दयेनं पाहिलं.

"चिल्ला लो बाई. किसे फरक पड़ता है? अंदर सब दूसरी बार देख रिये हैं. धनतेरस से रोज आ रिये थे तुम्हारे मराठी लोग, मुँ पे मफलर बांध-बांध के. और वो माताजी, जो अबी तुम्हारे साथ उतरीं, उनकी तो ये चौथी बार है."

आतून घंटेचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्या टॉकीजचा आनंदाचा चीत्कार. त्यात एक आवाज बाकी सगळ्यांच्या वर होता, आणि तो आवाज मनोरमा रोज सकाळी देवघरातून ऐकत असे. तिनं हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, मग तो स्वतःच्याच नाकावर चढवला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. त्या काचांतून मुडदे तर सोडाच, पडदासुद्धा धड दिसत नव्हता.